सुलाबाईचं वायफाय

गोपाळनं भिंतीला शिडी लावली तेव्हा सुलाबाईचं गाठोडं बांधून ओसरीत ठेवलेलं होतं. लेकासोबत परभणीला राहायला न जाण्याची एकच सबब तिच्याकडं उरली होती, आणि ती म्हणजे घरातलं वायफाय.

"मी गेल्यावर केशरला नेट कुठलं?" असं म्हणत तिनं दोन वर्षं लेकाला वाटेला लावलं होतं. आज गोपाळ तयारीनिशी आला होता. नेटची तार शेजारच्या केशरबाईच्या घरात ओढून द्यायची, वायफायचा डबाही तिलाच द्यायचा आणि आईला गाडीत बसवायचं. लेकानं अशी कोंडी केल्यावर बाई बोलणार तरी काय?

लॉकडाऊनात गोपाळ इथं गावी, झरीत राहून काम करत होता, तेव्हाचं हे नेट. तो गेला, डबा राहिला. सुलाबाईला साधा फोनसुद्धा धड लावता येत नव्हता, पण डब्याचा मान तिनं ठेवला. दिवसभर तो फडक्याखाली बंद. दुपारी केशरबाई मोबाईल घेऊन आली की फडकं काढायचं, बटन दाबायचं, दिवा लागला की म्हणायचं, "हं, लाव." मग दोघी डोक्याला डोकं लावून केशरबाईच्या पुण्यातल्या लेकीला बघत बसायच्या. नातीचा पहिला दात दोघींनी इथंच पाहिला, आणि सुलाबाईनंच आधी पाहिला यावरून आठ दिवस भांडल्या. लय गोड दुपारी होत्या त्या.

"आई," गोपाळ पत्र्यावरून म्हणाला, "तार तुटलेली हाय."

"तुझ्याच हातानं तुटली आसंल आत्ता."

"न्हाई गं. टोकाला कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय. वर्ष तरी झालं आसंल."

सुलाबाई वळली. तिला निरोप द्यायला आलेली केशरबाई मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती.

"मग केशर, तू रोज कशावर बोलायलतीस?"

"माझ्याच मोबाईलवर. पोरीनं लय दिस झाले नेट टाकून दिलंय त्यात."

"अन् मी येड्यावानी रोज बटन दाबायलते."

"मग काय करू?" केशरबाई म्हणाली. "पहिलं चुलीला इस्तव न्यायला यायचे. मग इरजणाला. आता घरोघर समदंच हाय. काही मागायचं नसताना रोज रोज कोणत्या तोंडानं येऊ बाई?"

सुलाबाईला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्यातलं आधी काय करावं, ते तिला कळेना.

गोपाळ खाली उतरला, हात झटकले. "झालं तर मग. केशरमावशीला डब्याची गरजच न्हाई. आता तुझी काय अडचण? चल." त्यानं गाठोडं उचललं.

सुलाबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं, ओसरीत टेकवलं आणि त्याच्यावरच ठाण मांडून बसली.

"केशर, पोरीला फोन लाव," ती म्हणाली. "सांग तिला, सुलामावशी कुठं जात न्हाई म्हणून."