अनयसाठी कॉम्प्युटर

“काकाजी, हे कार्ड या डब्ब्यात बसतच नाई. इंचभर लांब हाय.” भूपेंद्रनं ग्राफिक्स कार्ड पुन्हा एकदा आडवं धरून दाखवलं. “मी म्हणतो, कॅबिनेटबी नवीनच घ्या.”

“कॅबिनेट हेच राहीन,” बंडोपंत म्हणाले. “आतलं सारं बदलव. पण वरून हेच दिसलं पाह्यजे.”

वर्ध्याला भूपेंद्रच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बाप आणि लेक सकाळपासून ठाण मांडून बसले होते. आर्वीहून पहिल्या एसटीनं, ते जुनं कॅबिनेट मांडीवर घेऊन बंडोपंत आले होते. त्यांची लेक वेदश्री अल्लीपूरला दिलेली, तिथल्याच शाळेत मास्तरीण, दिवाळीला माहेरी आलेली. बारीक अक्षर आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्यांनी तिला सोबत घेतलं होतं.

चहा आला. वेदश्रीनं ट्रेमधला ग्लास उचलून भूपेंद्रपुढं केला.

“उजव्या हातानं, बेटा,” बंडोपंत सवयीनं म्हणाले.

तिनं ग्लास हातात बदलला. दोन लेकरांची आई झाली तरी तेवढं तिचं सुटत नव्हतं. पाटीवर मात्र लहानपणीच त्यांनी तिला उजव्या हाताचं वळण लावलं होतं. तिचं अक्षर आज शाळेत नाव काढण्यासारखं होतं, आणि ते आपल्यामुळं, हे बंडोपंत चारचौघांत सांगत.

“बाबा, याच कंपनीचं आखूड कार्ड येतं, एका पंख्याचं,” मोबाइलमध्ये पाहत वेदश्री म्हणाली. “थोडं हळू चालेल. पण या कॅबिनेटात बसेल, आणि छोट्या पॉवर सप्लायवर भागेल.”

“हाय ना, ताई. ते हाय.” भूपेंद्र आत गेला.

मोबाइलमध्ये आजकाल काय सापडत नाही, बंडोपंतांना कौतुक वाटलं. मघाशीही तेच झालं. भूपेंद्रनं काढलेला प्रोसेसर त्याच्याच मदरबोर्डावर बसणारा नव्हता, ते हिनंच वाचून सांगितलं. पेन्शनीत सारं बसवायचं तर एकाला दुसरं जुळलं पाहिजे, दुसऱ्याला तिसरं. हे तर पत्रिका पाहण्याहून अवघड, असं त्यांच्या मनात आलं. वेदश्रीची पत्रिका त्यांनी एका दुपारी जुळवली होती.

कॅबिनेटच्या कोपऱ्याला मोठा पोचा होता. त्यावरून त्यांचा हात फिरत राहिला.

धाकटा लेक अनय तेव्हा बारावीला होता. हेडमास्तर बंडोपंत त्या दिवशी अवेळी घरी आले. पडद्यावर गोळीबार चाललेला आणि खोलीत दोघं बहीणभाऊ चिडीचूप.

“मी खेळत होतो,” अनय म्हणाला होता.

बंडोपंतांनी तो डबा उचलून अंगणात आपटला. पोराला नागपूरच्या होस्टेलात टाकलं. तो शिकला, बँकेत लागला, पण बापलेकाचं जे तुटलं ते तुटलंच. फोनवर “बरा आहे” आणि “आईले देता का”, याच्या पुढं गाडी कधी सरकलीच नाही. त्याच उन्हाळ्यात वेदश्रीनं कॉम्प्युटर शिकायचं नाव काढलं होतं. त्या यंत्रापायी एक लेकरू गेलं तेवढं पुरे, म्हणून त्यांनी तिला डी.एड.ला घातलं. तिनं हूं की चूं केलं नाही. पोर गुणाची. खटकत होतं ते अनयचं. एवढ्याशा खेळासाठी आपण पोरगा हातचा घालवला, हे बंडोपंतांना आता जेवतानाही आठवायचं.

भूपेंद्रनं सारं जोडून पाहिलं. पंखा फिरला, पडदा उजळला. शेवटी त्यानं बंडोपंतांनी पिशवीतून आणलेला जुना माऊस हातात घेतला आणि हसला.

“काकाजी, याचं उजवं बटन पार घासून गेलं. गेमवाल्या पोरायचं डावं घासते. हे काऊन असं?”

“अनयचं सारंच उलटं,” बंडोपंत म्हणाले, आणि त्यांनाही हसू आलं. पोराबद्दल ते कित्येक दिवसांनी हसले होते.

“नवा देऊ? हा पाहा, उजव्या हाताच्या आकाराचा.”

“जुनाच राहू द्या,” वेदश्री म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अनय आला. पाया पडला, पाणी प्यायला आणि नेहमीसारखा आईजवळ, सुधाबाईंजवळ जाऊन बसला. बंडोपंतांनी त्याला समोरच्या खोलीत बोलावलं. मागोमाग सुधाबाई आणि वेदश्रीही आल्या. टेबलावरच्या कॉम्प्युटरवरची चादर बंडोपंतांनी स्वतः दूर केली.

“अनय, मी चुकलो रे.” त्यांनी कॅबिनेटचा पोचा आलेला कोपरा त्याच्याकडं वळवला. “तुझ्या जिवाचं होतं, ते मी फोडलं. आतलं सारं नवीन बसवलं हाय. बस. खेळ माह्यासमोर.”

अनय बसला नाही. त्या पोच्यावर त्यानं बोट ठेवलं. मग वेदश्रीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, नको म्हणून.

“बाबा, मले यातलं काहीच येत नाई,” तो म्हणाला.

“एवढ्या वर्षांत विसरला असशीन. येईन हळूहळू.”

“तेव्हाबी येत नव्हतं.”

अनयनं खुर्ची मागं ओढली आणि बहिणीपुढं केली. “ताई, बस. आता तरी बस.”

वेदश्री बापाकडं न पाहता बसली, हातातल्या बांगड्या मागं सारल्या, आणि कीबोर्डाच्या उजवीकडं मांडून ठेवलेला तो जुना माऊस उचलून तिनं डावीकडं घेतला. तिची तर्जनी नेमकी त्या घासलेल्या बटनावर आली.