नववी मात्रा

तालमीला वीस मिनिटं होती तेव्हा शिट्टीने दम्याच्या पंपाचे दोन फवारे ओढून घेतले, चूळ भरली आणि ओलं फडकं घेऊन शाळेच्या हॉलमधला फळा पुसायला लागली. खडूची भुकटी उडाली की तिची छाती वाजते. म्हणून तर भावाने तिचं नाव शिट्टी ठेवलं होतं, आणि ती गायनमंडळात आली त्याच्या आधी ते नाव तिथे येऊन पोचलं होतं. मंडळी एकेक करून येत होती, खुर्च्या सरकवत होती. कुणी मदतीला येऊ नये म्हणून ती भराभर हात चालवत राहिली.

"इकडे ये जरा," गाणं बसवणाऱ्या बाई म्हणाल्या. "शेवटच्या सुराचं काय करायचं?"

शेवटचा सूर सोळा संथ मात्रांचा होता. एका दमात तो कुणालाच झेपला नसता. म्हणून बारा जण मिळून तो लावायचे आणि प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या मात्रेला गुपचूप श्वास घ्यायचा. एक थांबला की बाकीचे अकरा ओढून नेतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सूर कुठे तुटलाच नाही. शिट्टीची मात्रा दहावी. गेल्या तिन्ही तालमींत दहा यायच्या आतच ती खोकली होती आणि सगळ्या गाण्याचा विचका झाला होता.

"रविवारी कार्यक्रम आहे," बाई म्हणाल्या. "आजही तसंच झालं, तर तू रांगेत उभी राहा, पण गाऊ नकोस. नुसते ओठ हलव. लोकांना काही कळत नाही."

"मला कळेल ना, बाई."

"बरं, एकदा बघू," बाई म्हणाल्या.

शिट्टीला गाण्याशिवाय दुसरा छंद नव्हता, आणि हा तिने सहजासहजी सोडला नसता. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आठवडाभर काचा घासायच्या मशीनच्या घरघरीखाली बोटांवर मात्रा मोजत तिने तो सूर लावून पाहिला होता. मालकाने दोनदा येऊन मशीन तपासलं. पण काल ती कशीबशी दहापर्यंत पोचली होती.

फडकं पिळून ती नळावरून परत आली, तर अकराच्या अकरा चेहऱ्यांवर एकच प्रेमळ भाव. आजाऱ्याला भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर असतो, तसा. आपल्या मागे बाई काहीतरी बोलल्या, हे तिला लगेच समजलं. रागच आला तिला. पण रागाने श्वास आखूड होतो, म्हणून तो गिळून ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

गाणं सुरू झालं, रंगलं, शेवटाशी आलं. बाईंचा हात वर गेला आणि बारा जणांनी सूर धरला. शिट्टी मनात मोजत होती. पाच. सहा. छाती ठीक होती. सात. आठला दम कमी पडायला लागला, ते तर रोजचंच. आता फक्त एक मात्रा काढायची होती.

नवव्या मात्रेला बाकीचे अकरा जण एकदम गप्प झाले.

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तिचा एकटीचा आवाज उरला, बारीक आणि जरा खरखरीत. ती घाबरली. आता आपण थांबलो तर काहीच उरणार नाही, हे तिला दिसत होतं. समोर बाईंचा हात हवेत तसाच होता. शिट्टीने मुठी आवळल्या आणि सूर सोडला नाही.

दहाला अकरा जण छाती भरभरून परत आले. दहावी मात्रा तिची होती. तिने हक्काने श्वास घेतला आणि मग सगळ्यांबरोबर सोळापर्यंत गेली.

"नऊला कोण थांबलं?" बाईंनी विचारलं.

सगळे जण आपापल्या पायांकडे बघायला लागले. शेवटी टपाल खात्यातून निवृत्त झालेले काका बोलले. "तुम्हीच म्हणालात ना, की दहाला हिच्याकडे लक्ष ठेवा? म्हटलं, ही खोकली तर त्या वेळी आपला आवाज भरपूर असावा. म्हणून मी आधीच, नऊला, श्वास घेऊन टाकला."

"मीही तेच केलं," बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. माणसं फार चांगली असली की कुठे घोळ घालतील, सांगता येत नाही.

शिट्टीची छाती आता चांगलीच वाजत होती. सगळ्यांना ऐकू जात होती. तिने ती वाजू दिली.

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. "कुणी कुठे श्वास घ्यायचा, ते आता तूच ठरव. तुझ्याइतकं त्यातलं इथे कुणाला कळत नाही."

शिट्टी रांगेच्या टोकापासून निघाली. प्रत्येकाच्या कागदावर आकडा लिहीत गेली. मावशींना सात दिला. स्वतःचा दहा तसाच ठेवला. मग काकांपाशी आली.

"तुम्हाला अकरा."

"अकरा?" काका म्हणाले. "अगं, नऊच्या पुढे माझं काही खरं नाही."

"जमेल." तिने त्यांच्या कागदावर आकडा लिहिला. "आणि दम लागला तर सांगा, काका. त्यात लाजण्यासारखं काही नाही."