विनाकारण बसू नये

रात्रपाळी संपवून घरी झोपायला निघालेल्या रखवालदाराला एजन्सीने बदलीवर या मॉलमध्ये पाठवलं. डोळे चुरचुरत होते, कानाशी वॉकीटॉकी खेकसत होता, "खरेदी न करता बसलेल्यांना उठव!" लोकही बिलंदर! उठवायला गेलं की कुणाची बायको, कुणाचा मुलगा आत खरेदीला गेलेला. कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा दुकानाची चुरगळलेली पिशवी मांडीवर धरून, मान खाली घालून खोकत होता. खोकला घरचा होता. घरी एकच खोली. त्याच्या झोपेचं आणि या खोकल्याचं पटत नसे, म्हणून बाबा रोज सकाळीच 'मित्राकडे पत्ते खेळायला' जात. समोर बूट दिसताच वर न बघता बाबा घाईघाईने म्हणाले, "मुलगा आत गेलाय, साहेब. आलाच एवढ्यात." वॉकीटॉकी पुन्हा खेकसला, "उठवलंस का त्याला?" "नाही, साहेब," तो बाबांशेजारी बसत म्हणाला, "त्यांचा मुलगा आलाय."