सत्ताविसावे उत्तर

"या पुस्तकातील चाळीसही उत्तरे तज्ज्ञ समितीने तपासली असून ती निर्दोष आहेत."

मुलांसाठी लिहिलेल्या गणिताच्या गोष्टींच्या त्या पुस्तकावर, मलपृष्ठाच्या तळाशी, हे वाक्य शिक्क्यासह छापलेले होते. प्राध्यापक रामनाथांनी ते तीन दिवसांत निकालात काढले. समितीत तज्ज्ञ तीन. पहिल्याच्या प्रतीची पाने अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. दुसऱ्याने सही केली त्या तारखेला पुस्तक लिहूनही झाले नव्हते. तिसरा भूगोलाचा होता.

राहता राहिली उत्तरे. एकोणचाळीस खरोखरच निर्दोष होती. सत्ताविसावे नव्हते.

गोष्ट साधी होती. धरणाच्या पाण्याने वेढलेल्या टेकडीवर वनभोजनाला गेलेली नऊ मुले होडीने परत येणार. वल्हवणाऱ्याखेरीज होडीत चार मुले मावतात. तर सर्वांना आणायला किती फेऱ्या? गोष्टीच्या शेवटी उत्तर होते : दोन.

पुढच्या पानावर काठाला उतरलेल्या मुलांचे चित्र होते. रामनाथांनी मुले मोजली. आठ. चित्रकारही लेखकाच्याच तालमीत तयार झालेला दिसत होता. गोष्टीत आठ मुलांना नावे होती आणि नववी नुसतीच 'एक मुलगी' होती. एवढ्या पात्रांची बारशी करता करता लेखक थकला असावा, असे रामनाथांनी समासात लिहिले.

चूक त्यांनी माफ केली असती. हट्ट माफ करणे त्यांना जमणार नव्हते. चार आवृत्त्यांत स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त झाले, पण सत्ताविसावे उत्तर तसेच राहिले. वाचकांच्या पत्रांना लेखक पोस्टकार्डावर एकच ओळ पाठवी : 'उत्तर आहे तसे राहू द्यावे.' जुन्नरच्या महाविद्यालयात सव्वीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला ही ओळ शिवीसारखी लागली. शिक्षण खात्याने पुस्तकाची चौकशी लावली, तेव्हा ते काम त्यांनी मागून घेतले. अहवाल प्रतिकूल गेला, तर जुन्नर आणि आंबेगावच्या शाळांतून पुस्तकाची प्रत न् प्रत परत जाणार होती.

लेखक होते कुशाबा मास्तर, राहणारे महाळुंगे पडवळचे. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या काठावरच्या शाळेत ते चौदा वर्षे शिकवत होते. दोन हजार चारच्या मार्चमध्ये रामनाथ तिथे पोचले आणि थेट वर्गात शिरले. नऊ मुले, होडीत चार, किती फेऱ्या, असे त्यांनी विचारले. सगळा वर्ग एका सुरात तीन म्हणाला. मग पुस्तकात दोन कसे, या प्रश्नावर आरोही नावाची मुलगी उठली.

"मास्तर म्हणत्यात, पुस्तकातलं पुस्तकात ऱ्हाऊ द्या. तुमी तीनच करायच्या."

रामनाथांनी हेही टिपून घेतले. लेखकाला बरोबर उत्तर ठाऊक होते, म्हणजे अज्ञानाची सवलतही गेली.

खिचडी शिजवणाऱ्या साळुबाईने चहा आणला. मास्तरांविषयी विचारताच ती चौकटीला टेकून बोलत राहिली. तिची एकुलती लेक इंद्रायणी सात वर्षांमागे हिरडा वेचायला रानात गेली ती परतलीच नव्हती. पंचनाम्यात तसे लिहिलेले होते. तेव्हा मास्तरांनी तीन दिवस रान पिंजून काढले, पायांची सालटी निघाली तरी थांबले नाहीत. तेव्हापासून त्यांची दुपारची भाकरी ती घरून आणत होती.

"देवमाणूस हाय, साहेब. एका आकड्यासाठी त्यांचं नाव घालवू नका."

एका आकड्यासाठी. रामनाथांना हसू आले. गणितात दुसरे असते काय?

कुशाबा मास्तर समोर बसले. वाद त्यांनी घातलाच नाही. उत्तर छापताना चुकले एवढे लिहून द्या, पुढच्या आवृत्तीत तीन छापा आणि विषय संपवा, अशी वाट रामनाथांनी औपचारिकता म्हणून दाखवली.  मास्तरांनी कागद मागून घेतला आणि एका बैठकीत पान भरून लिहिले.

नियमाप्रमाणे जबाब पंचासमोर मोठ्याने वाचायचा होता. शाळेत दुसरे मोठे माणूस नव्हते. रामनाथांनी साळुबाईला हाक मारली.

"मला वाचाया येत नाय," ती पदराला हात पुसत म्हणाली.

"म्हणून तर मी वाचणार आहे."

"ती नको, साहेब," मास्तर म्हणाले. "दुसरं कुणीबी आणा. मी थांबतो."

आयुष्यभर विद्वान म्हणून मिरवलेल्या माणसाला आपली चूक स्वयंपाकिणीच्या कानावर जायला नको आहे, हे रामनाथांच्या लगेच ध्यानात आले. त्यांना बरे वाटले. त्यांनी साळुबाईला बाकावर बसवले, चष्मा पुसला आणि वर्गात वाचत तसे, प्रत्येक शब्द सुटा करून, वाचायला सुरुवात केली :

"उत्तर चुकलेले नाही. वनभोजनाच्या त्या दिवशी होडी मीच वल्हवली आणि दोनच फेऱ्या झाल्या. आठ मुले उतरली तशी आपापल्या वाडीला पळाली. माझी साडेपाचची एसटी शेवटची होती आणि घरी पाहुणे यायचे होते. इंद्रायणीला मी टेकडीवर थांबायला सांगितले होते, तू शहाणी आहेस, तुला न्यायला कुणाला तरी पाठवतो म्हणून. एसटीत चढताना साळुबाईने लेक कुठे विचारले. सगळी कहाणी सांगत बसलो तर गाडी चुकेल, म्हणून म्हणालो, उतरली ती, हिरडा वेचायला गेली असेल. गाडी सुटली आणि कुणाला पाठवायचे राहून गेले. सकाळी खरे सांगायचे धाडस झाले नाही. मुलांनाही सांगितले, मागून जाऊन मी तिला उतरवले होते. पुस्तक लिहिताना तीन लिहायला हात धजला नाही. तीन दिवस मी तिला या काठाच्या रानात हाका मारत फिरलो. ती कुठे आहे, हे मला माहीत होते."