रुंद टायर

नेब्रास्कातल्या बंद पडलेल्या विमान धावपट्टीवर हार्लन आणि त्याची बायको डोरीन एकाच गाडीतून शर्यतीला उतरत. आधी तो, मग ती, नारिंगी शंकूंमधून घड्याळाशी झुंजत. आदल्या दिवशी त्याने गाडीला रुंद चाकं बसवली होती आणि ती मावावीत म्हणून मडगार्डच्या कडा हातोडीने आत वळवल्या होत्या. त्याच्या शेवटच्या फेरीत वळणावर मागून खरखर ऐकू आली. उतरून त्याने उजव्या टायरवरून हात फिरवला, तर मडगार्डच्या कडेने रबर कापलं जाऊन आतले दोरे वर आले होते.

डोरीन तोवर पट्टे बांधून बसलीही होती. करंडकासाठी दोघंच उरले होते आणि ती एक दशांश सेकंदाने मागे होती.

"टायर फाटतोय. जाऊ नकोस," तो खिडकीतून म्हणाला.

"मागच्या वर्षी ब्रेक गेले होते, त्याआधी तेल गळत होतं. मी जिंकायला आले की तुझी गाडी आजारी पडते."

"या वेळी खरंच सांगतोय."

"तेव्हाही खरंच सांगत होतास. हो बाजूला."

सुरुवातीचं निशाण दाखवणाऱ्याला त्याने सांगून पाहिलं, तर तोही हसला. या दोघांचं भांडण त्याला पाठ होतं. हार्लन वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलाकडे धावला. क्षणभराने भोंग्यातून सगळ्या मैदानाला ऐकू आलं, "हार्लनने आपली वेळ मागे घेतली आहे. करंडक डोरीनचा."



डोरीनने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि ती टायर बघायला खाली उतरली.