नावेतली चौथी जागा

"चार जण झाल्याशिवाय नाव पाण्यात ढकलायची नाही. समोर माझं पोर बुडत असलं तरी नाही."

सासरे जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा आवाज तिला आत्ता अगदी कानाशी ऐकू आला. बचावाच्या नावेपाशी तिघंच उभे होते. सुकाणू धरायला तिचा नवरा, इंजिनाशी पाववाला, आणि दोर सोडत असलेल्या शाळेच्या बाई. भोंगा वाजून थांबला होता. पलीकडे खडकांजवळ सहलीची होडी इंजिन बंद पडून आपटत होती. त्या होडीवर तिकिटं फाडणारी मुलगी या नवरा-बायकोचीच होती.

"तिघंच जाऊ," नवरा म्हणाला.

"अहो, नको!" तिने नावेची कड घट्ट धरली. पाण्यातलं माणूस वर घ्यायचं तर एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने त्याला मागून धरायचं. एकटा वाकला की तोच आत जातो. हे नवऱ्यानेच तिला शिकवलं होतं. "मी बसते चौथी."

"त्या हाताने? भरली बादली उचलवत नाही तुला."

खरंच होतं. जिन्यावरून पडल्यापासून तिचा उजवा हात नुसता नावाला उरला होता.

"मग मी माणूस आणते. मी येईपर्यंत सुटू नका. माझ्या गळ्याची शपथ आहे."

नवऱ्याने समुद्राकडे पाहिलं. "लवकर ये गं," एवढंच म्हणाला.

ती गल्लीत धावली. पूर्वी भोंगा वाजला की इथली दारं धडाधड उघडायची. कुणी तोंडातला घास तसाच घेऊन, कुणी अर्धी दाढी ठेवून पळत सुटायचं, आणि जागा भरल्या की मागे राहिलेले हिरमुसून परतायचे. आता प्रत्येक दाराशेजारी किल्लीची छोटी पेटी होती, आकडे जुळवले की उघडणारी. पहिल्या घरात कुणीच नव्हतं. दुसरं दार उघडलं ते टॉवेल गुंडाळलेल्या एका माणसाने.

"बरं झालं आलात, मावशी. चादरी बदलायच्या आहेत."

"बाबा रे, नावेत बसायची सवय आहे का तुला?"

"नाव? ती भाड्यातच धरलीय का?"

पुढच्या दारातल्या बाईने उलट तिलाच विचारलं, तो आवाज कसला होता आणि तो रोज होतो का, बाळ दचकून उठतं म्हणून. तिने हात जोडले आणि पुढे पळाली. ओठांवर देवाचं नाव होतं, पण धाप लागून तेही अर्ध्यावर तुटत होतं. धाकट्या दिराला फोन लावला. बंद. मग एकदम आठवलं, आज सभा! सगळे तिथेच असणार.

चढावरच्या सभागृहाबाहेर गाड्या दाटीने उभ्या होत्या. एके काळी नावेत चढायला धडपडणारी हीच माणसं. गल्लीतली घरं पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देऊन आता ती लांब, आतल्या नव्या वसाहतीत राहत होती आणि आज फक्त मत द्यायला आली होती. गल्लीतली निम्मी घरं तरी कायम राहणाऱ्यांसाठी ठेवावीत, असा नियम करायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. वाऱ्यामुळे खिडक्या लावलेल्या. फोन बंद ठेवायला सांगितलेले. माइक हातात घेऊन तिचा दीर उभा होता.

"घरं आमची. पाहुणे येतात म्हणून आपल्या चुली पेटतात. मग नियम कशाला? आपल्या गल्लीत आज कमी काय आहे, ते कुणीतरी मला सांगा!"

टाळ्या पडल्या. त्या थांबायची वाट न बघता ती दारातूनच ओरडली.

"एक माणूस कमी आहे, भावोजी! नावेत. पोरगी खडकांवर आहे हो..."

दिराचा माइक खाली पडला. तो उचलायला कुणी वाकेपर्यंत दीर उताराला लागलाही होता.

चौघांना घेऊन नाव सुटली. ती काठावर बसून राहिली. आयुष्यभर रोज म्हटलेली प्रार्थना, पण तिला पहिला शब्दही आठवेना. नाव लाटेआड जायची आणि तिचा जीवही तिच्याबरोबर जायचा. पुन्हा दिसली की ती नावेतली डोकी मोजू पाहायची, पण डोळ्यांना धार लागलेली.

शेवटी नाव काठाला लागली. मुलीचे ओठ निळे पडले होते, पण ती बोलत होती. काका कमरेपर्यंत वाकला तेव्हा बाईंनी त्याचा पट्टा धरून ठेवला होता, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. होडीवरची सगळी माणसं त्यांच्या एका खोलीच्या घरात, मिळेल ते पांघरून, खेटून बसली.

सभा मात्र थांबली नव्हती. उताराने आलेल्या कुणीतरी दिराच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "नियम बारगळला! तुझ्या भाषणाने काम केलं बघ." मग एकेक गाडी दिवे लावून नव्या वसाहतीकडे निघाली.

ती दिराला कोरडा टॉवेल द्यायला आली. टोमणा मारायचं त्राण नव्हतं, आणि मनातही नव्हतं. तिने हळूच विचारलं, "भावोजी, पुढच्या वेळी कोण?"

"मी."

"तिकडून यायला तुम्हाला किती वेळ लागतो!"

"लागणार नाही, वहिनी. शब्द देतो."

त्याने गल्लीकडे पाहिलं. त्याच्या तिन्ही घरांत दिवे लागले होते, पाहुणे जेवायला बसले होते.

"एक उशी असेल तर द्या," तो म्हणाला, आणि उशी काखेत धरून नावेच्या शेडकडे चालू लागला.