बाकावरून

चौथीच्या पोरांना पर्स्पेक्टिव्ह शिकवणं म्हणजे म्हशींना गाणं शिकवणं, असं चित्रकलेच्या सरांचं मत होतं. "जवळचं मोठं, लांबचं लहान! एवढंही डोक्यात शिरत नाही?" आज 'आपला वर्ग' काढायचा होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने सरांनाच काढलं होतं: डोंगराएवढी हनुवटी, मिशी, बोगद्यासारख्या नाकपुड्या आणि चिमूटभर कपाळ. "हा मी?" सरांनी कागद नाचवला. वर्ग खिदळला. त्यांनी तिचं खोडरबर उचललं. "इथे बसून बघा ना," ती मुसमुसत म्हणाली. तिची जिरवायलाच सर त्या बुटक्या बाकावर बसले. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. "शिकवणं जमेना, म्हणून शिकायला बसलात?" वर्ग पुन्हा खिदळला. सरांनी मान वर केली. हनुवटी, बोगदे, चष्मा, चिमूटभर कपाळ. खोडरबर परत देत ते मुलीच्या कानात पुटपुटले, "मिशी खोड, चष्मा घाल."